लॅबियाप्लास्टीपूर्वीचे तीन महिने आणि नंतरचे सहा

ठाण्यातल्या नौपाड्यातील त्या दवाखान्यात नावनोंदणीचा कागद भरताना ‘तक्रार’ या रकान्यात मी ‘अंगावरून पांढरे जाते’ असे लिहिले होते. ते खोटे होते. खरी तक्रार अशी होती की योनीमुखाच्या दोन्ही बाजूंना जे आतले ओठ असतात, त्यांपैकी माझा डावा ओठ बराच लांब होता. चालताना, बसताना आणि विशेषतः सायकल चालवताना तो दुमडून चिमटला जात असे आणि त्याच्या घडीत वर्षभरापासून पुन्हा पुन्हा चिरा पडत होत्या. हे लिहायला माझ्याजवळ शब्दच नव्हते. लहानपणापासून ‘खालची जागा’, ‘लघवीची जागा’ एवढेच कानावर पडलेले. आईच्या तोंडी फार तर ‘मायांग’ हा शब्द, तोही कोणाच्या बाळंतपणाविषयी बोलताना आणि आवाज खाली करून. काउंटरवरची मुलगी कागद वाचून मोठ्याने काही विचारील या धास्तीने मी सगळ्यांच्या परिचयाची, कोणीही पुढे खोलात न शिरणारी तक्रार लिहून मोकळी झाले.

ही २०२३ सालच्या जानेवारीतील गोष्ट आहे. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. ठाण्याहून वाशीला बँकेत नोकरीसाठी रोज लोकलने जात होते आणि रविवारी पहाटे उपवनवरून येऊरच्या चढावर सायकल नेत होते. पहिल्या बाळंतपणानंतर डाव्या बाजूचा फरक वाढला होता, पण दहा-अकरा वर्षे मी त्याकडे दुर्लक्ष केले. सायकल सुरू केल्यावर मात्र ते शक्य होईना. येऊरहून उतरून घरी आले की अंघोळीच्या वेळी पाणी लागताच डोळ्यांतून पाणी येई. सोमवारी लोकलमध्ये जागा मिळाली तरी वाशीपर्यंतचा अर्धा तास मी दाराजवळ उभी राहून काढत असे, कारण त्या कडक बाकावर बसणे नको वाटे.

लॅबियाप्लास्टी म्हणजे या आतल्या ओठांचा, ज्यांना वैद्यकीय मराठीत लघुभगोष्ठ म्हणतात, जास्तीचा भाग शस्त्रक्रियेने कमी करणे. क्वचित बाहेरच्या ओठांवरही शस्त्रक्रिया होते. एकच शस्त्रक्रिया दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी केली जाते: एक, दुखते, चिरते, चिमटते, स्वच्छता राखणे अवघड होते म्हणून, दुसरे, दिसायला बरे वाटत नाही म्हणून. टेबलावर दोन्हींत फारसा फरक नसतो. पण तिथपर्यंत पोहोचण्याआधी आपण यांपैकी नेमक्या कोणत्या कारणाने आलो आहोत हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारणे, हा या सगळ्यातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे असे मला वाटते, आणि तो टप्पा मला जवळजवळ चुकवायला लावला गेला होता.

कारण नौपाड्याच्या आधी मी एका सौंदर्योपचार केंद्रात जाऊन आले होते. कोणते ते सांगण्याची गरज नाही. तिथे माझी तपासणी झालीच नाही. एका समुपदेशक म्हणवणाऱ्या मुलीने टॅबवर शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे दाखवली. ‘नंतरची’ सगळी छायाचित्रे एकमेकींसारखीच दिसत होती, जणू एकाच बाईची काढलेली. मी दुखण्याविषयी सांगत होते आणि ती रंगाविषयी, सममितीविषयी, ‘पूर्वीसारखे तरुण’ दिसण्याविषयी बोलत होती. शस्त्रक्रियेबरोबर लेझरने योनीमार्ग ‘घट्ट’ करून घेतल्यास पॅकेजमध्ये सवलत मिळेल आणि आजच आगाऊ रक्कम भरल्यास आणखी सूट मिळेल, असेही तिने सांगितले. मी कार्ड बाहेर काढले होते. यंत्र चालेना म्हणून ती आत गेली, तेवढ्यात मला घरून फोन आला आणि मी उठले. त्या फोनचे माझ्यावर फार उपकार आहेत. पुढे वाचताना कळले की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये याच प्रकारच्या लेझर आणि रेडिओ लहरींच्या यंत्रांविषयी जाहीर इशारा दिला होता: योनीच्या तथाकथित ‘नवतारुण्या’साठी त्यांना मान्यता नाही आणि त्यांनी भाजणे, व्रण राहणे, संबंधाच्या वेळी दुखणे, कायमची वेदना जडणे असे प्रकार होऊ शकतात.

नौपाड्यातील स्त्रीरोगतज्ज्ञ बाई पन्नाशीच्या होत्या. पांढऱ्या पाण्याची तक्रार वाचून त्यांनी तपासले आणि हातमोजे काढता काढता शांतपणे विचारले, “हे तर फारसं काही नाही. तुम्ही खरं कशासाठी आलात?” मी सांगितले. सांगताना रडले, याची आता लाज वाटत नाही. त्यांनी पुन्हा हातमोजे घातले, एक हातआरसा माझ्या हातात दिला आणि कापसाच्या काडीच्या टोकाने एकेक भाग दाखवत नावे सांगितली: हे बाहेरचे ओठ, हे आतले, इथे वर ते एकत्र येतात ती शिश्निकेवरची (क्लिटोरिसवरची) घडी, इथे लघवीची वाट, त्याच्या खाली योनीमुख. अडतिसाव्या वर्षी, एका मुलीची आई झाल्यावर, मी माझे शरीर प्रथमच कोणाच्या तरी मदतीने नीट पाहत होते. डाव्या ओठाच्या तळाशी, जिथे तो दुमडत असे, तिथे केसासारखी बारीक लालसर चीर होती. “ही दुखते ना?” त्यांनी विचारले. काडी लागण्याआधीच मी पाय आखडला.

त्यांनी दोन गोष्टी समजावल्या, त्या जशाच्या तशा सांगते. पहिली अशी की आतले ओठ बाहेरच्या ओठांच्या बाहेर आलेले असणे, दोन्ही बाजू असमान असणे, कडा गडद किंवा सुरकुतलेल्या असणे हा दोष नाही आणि आजारही नाही. लंडनमधील पन्नास स्त्रियांची मोजमापे घेऊन २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आतल्या ओठांची रुंदी ७ मिलिमीटरपासून ५० मिलिमीटरपर्यंत आणि लांबी २० पासून १०० मिलिमीटरपर्यंत आढळली होती. पुढे स्वित्झर्लंडमध्ये सहाशेहून अधिक स्त्रियांची मोजमापे घेतली गेली, तेव्हाही ‘हेच प्रमाण योग्य’ असे एकच माप काढता आले नाही. दुसरी गोष्ट अशी की हे ओठ निरुपयोगी कातडे नव्हेत. ते योनीमुखाचे आणि मूत्रमार्गाचे संरक्षण करतात आणि त्यांत मज्जातंतूंचे दाट जाळे असते. म्हणून तिथून जे कापले जाते ते परत मिळत नाही, हे लक्षात ठेवूनच निर्णय घ्यावा लागतो.

आणि मग त्यांनी मला तीन महिने थांबायला सांगितले. मला ते तेव्हा आवडले नाही. मी शस्त्रक्रियेची चिठ्ठी घेऊन जाण्याच्या तयारीने आले होते. पण त्यांचे म्हणणे असे होते की चिरा पडण्याची कारणे अनेक असतात आणि लांबी हे त्यांतले एकच आहे. बाकीची दूर केल्याशिवाय सुरी हातात घेतली तर ओठ आखूड होतील आणि चिरा तशाच राहतील. त्यांनी रक्तातील साखर तपासली, तीन महिन्यांच्या सरासरीसह. मधुमेहात या भागात बुरशीचा संसर्ग सहज होतो. माझी साखर ठीक होती, पण बुरशीचा सौम्य संसर्ग निघाला आणि त्यावर उपचार झाला. त्वचा पांढुरकी, पातळ आणि खाजरी होणारा लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजार नाही ना, हेही त्यांनी पाहिले. त्या आजारात उपचार म्हणजे मलम असते, शस्त्रक्रिया नव्हे, आणि तो वर्षानुवर्षे न ओळखता राहिला तर पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. सुगंधी साबण आणि ‘इंटिमेट वॉश’ बंद करून केवळ साधे पाणी. घट्ट जीन्स आणि सिंथेटिक अंतर्वस्त्रांऐवजी सैल सुती कपडे. सायकलला निघण्यापूर्वी घडीत पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. सायकलच्या दुकानात जाऊन मी मधोमध खाच असलेली सीट बसवून घेतली आणि तिचे टोक किंचित खाली झुकवले. दुकानदाराला कारण सांगावे लागले नाही. त्याने स्वतःहूनच सांगितले की अनेक बायका हीच सीट मागतात.

या तीन महिन्यांचा खरा उपयोग असा झाला की मी एक वही ठेवली. कधी दुखले, काय करताना दुखले, किती वेळ दुखले, एवढेच त्यात लिहायचे. पहिल्या महिन्यात खाज गेली. दुसऱ्या महिन्यात बसताना होणारा त्रास निम्म्याहून कमी झाला. सीट बदलल्याने सपाट रस्त्यावर काही होईना. उरला तो एकच प्रकार: चढावर पुढे झुकून जोर लावताना आणि पाळीच्या दिवसांत पॅड लावून चालताना डावा ओठ दुमडे आणि त्याच जागी चीर पडे. मे महिन्यात वही घेऊन गेले तेव्हा बाईंनी ती सावकाश वाचली आणि म्हणाल्या, “आता मी तुम्हाला शस्त्रक्रियेसाठी पाठवू शकते, कारण आता आपल्याला माहीत आहे की शस्त्रक्रियेने काय बरं व्हायला हवं.” माझ्या ओळखीच्या दोघींना पुढे मी हाच क्रम सुचवला. त्यांपैकी एकीचा त्रास सीट आणि साबण बदलल्यावरच थांबला आणि तिला शस्त्रक्रिया लागलीच नाही.

इथे एक गोष्ट आयांसाठी लिहिते. वयात येताना मुलींचे आतले ओठ वाढतात, बहुतेकींचे असमान वाढतात आणि ही वाढ किशोरवयात बराच काळ चालू राहते. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिनेही मला एकदा घाबरत विचारले होते की ‘तिथे काहीतरी बाहेर आलं आहे, कॅन्सर आहे का?’ त्या वेळी मी तिला ‘काही नाही, सगळ्यांना असतं’ असे म्हणून गप्प केले होते. आरशाच्या त्या तपासणीनंतर मी घरी येऊन तिला कागदावर आकृती काढून नावांसकट समजावले. अठरा वर्षांखालील मुलींवर केवळ दिसण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशीच भूमिका ब्रिटनमधील या विषयाच्या तज्ज्ञ संघटनांनी घेतलेली आहे, आणि ती मला पूर्णपणे पटते. प्रौढ स्त्रीने सर्व माहिती घेऊन, दिसण्यासाठी का होईना, निर्णय घेतला तर तो तिचा अधिकार आहे. मात्र जोडीदाराच्या एखाद्या शेऱ्यामुळे किंवा फोनवर पाहिलेल्या चित्रांमुळे तो निर्णय होत असेल, तर तिने थोडे थांबून एखाद्या समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावे असे मी कळकळीने सांगेन. स्वतःच्या अवयवात नसलेला दोष सतत दिसत राहणे हा स्वतंत्र मानसिक विकार आहे आणि तो टाक्यांनी बरा होत नाही.

शल्यचिकित्सक निवडताना मी काय पाहिले? प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक, आणि रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर ठाणे महानगरपालिकेचे शुश्रूषागृह नोंदणीचे प्रमाणपत्र. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी म्हणजे शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण नव्हे. घोडबंदर रस्त्यावरील एका रुग्णालयातील सर्जन बाईंना मी सरळ विचारले की त्यांनी ही शस्त्रक्रिया किती वेळा केली आहे, जखम उसवली तर पुढे काय करतात आणि त्यासाठी पुन्हा पैसे घेतात का. त्यांनी न चिडता उत्तरे दिली. ज्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडत नाहीत, त्यांच्याकडे अशी शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

पद्धती मुख्यतः दोन आहेत. पहिलीत ओठाची बाहेरची कड सरळ कापून टाकतात आणि कडेने टाके घालतात. ती करायला सोपी असते, पण नैसर्गिक कड जाते, सगळ्या कडेवर व्रण येतो आणि हात सैल असेल तर गरजेपेक्षा जास्त कापले जाण्याची भीती असते. दुसरीत मधला त्रिकोणी तुकडा पाचरीसारखा काढून वरचा आणि खालचा भाग एकमेकांना जोडतात. नैसर्गिक कड राहते, व्रणाची रेषा आखूड असते, पण जोडावर ताण येऊन तो उसवण्याचा किंवा तिथे खाच पडण्याचा धोका असतो. माझी चीर नेमकी मधल्या-खालच्या घडीत पडत असल्याने पाचर पद्धत ठरली, आणि तीही फक्त डाव्या बाजूला. “उजवा ओठ दुखत नाही, त्याला मी हात लावणार नाही,” असे त्या म्हणाल्या. दोन्ही बाजू एकसारख्या दिसणार नाहीत हे त्यांनी संमतिपत्रावर माझ्यासमोर लिहिले. किमान एक सेंटीमीटर रुंदी शिल्लक ठेवायची हेही त्यांनी आधीच सांगितले, कारण फार आखूड केलेल्या ओठांमुळे योनीमुख उघडे पडून कोरडेपणा आणि कायमची आग होऊ शकते. रक्तस्राव, रक्ताची गाठ, संसर्ग, टाके उसवणे, व्रण दुखणे, संवेदना कमी किंवा जास्त होणे, संबंधाच्या वेळी दुखणे: ही सगळी यादी मी मराठी संमतिपत्रात वाचून सही केली. इंग्रजी छापील कागद पुढे आला होता. मी मराठी मागितला आणि तो मिळाला. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा हक्क आहे. मी मात्र तो मागताना उगीच अवघडले होते.

या शस्त्रक्रियेच्या दीर्घकालीन परिणामांवर भक्कम संशोधन कमी आहे, असे अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सांगितले आहे, ही गोष्टही सर्जन बाईंनी माझ्यापासून लपवली नाही.

विम्याचा विषय थोडक्यात संपवते, कारण त्यात माझ्या पदरी निराशाच आली. आपल्याकडच्या आरोग्यविम्यात सौंदर्यविषयक आणि प्लास्टिक सर्जरी वगळण्याचे प्रमाणित कलम आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी डॉक्टरांनी प्रमाणित केलेली आवश्यक शस्त्रक्रिया एवढेच त्याला अपवाद आहेत. मी वही, तपासण्या आणि दोन डॉक्टरांची पत्रे जोडली, तरी ‘तातडीचा धोका नाही’ म्हणून दावा नाकारला गेला. वर बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागला, कारण जन्मजात व्यंग, वाढीतील दोष किंवा इजा यांसाठीची पुनर्रचना सोडून अशा शस्त्रक्रियांना आरोग्यसेवेची करसवलत मिळत नाही. सर्व मिळून ७२,४०० रुपये गेले. ज्या बाईच्या हाती स्वतःचा पगार नाही तिने काय करावे, हा प्रश्न मला तेव्हाही छळत होता आणि आजही छळतो.

घरी काय सांगायचे हे ठरत नव्हते. नवऱ्याला सगळे ठाऊक होते. सासूबाईंना ‘बायकांचं एक छोटं ऑपरेशन आहे’ असे सांगितले, तर त्यांनी ‘पिशवी काढणार का?’ असे विचारले. मग मी दार लावून घेतले आणि त्यांना जसेच्या तसे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, “माझं अंग बाहेर येतं गं. सोळा वर्षं झाली. खोकले की हाताने आत लोटते.” सोळा वर्षे एका घरात राहून मला हे माहीत नव्हते. जूनमध्ये मी त्यांना त्याच नौपाड्याच्या बाईंकडे नेले. त्यांनी आत बसवायची सिलिकॉनची रिंग दिली, आणि आता सासूबाई संध्याकाळी तलावपाळीला तळ्याभोवती पूर्ण फेरी मारून येतात.

शस्त्रक्रियेची तारीख पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात ठरवली होती, म्हणजे जखम भरेपर्यंत पुढची पाळी लांब राहील. आधी रक्ताच्या, रक्त गोठण्याच्या, लघवीच्या तपासण्या आणि ईसीजी झाला. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे आणि घरगुती काढे चालू असतील तर तेही आधी डॉक्टरांना सांगायचे असतात. सकाळी उपाशीपोटी गेले. टेबलावर झोपवल्यावर सर्जन बाईंनी जांभळ्या शाईच्या पेनाने खुणा केल्या आणि आरसा धरून मला दाखवल्या. भुलीचे इंजेक्शन दिल्यावर भाग फुगतो आणि मापे चुकतात, म्हणून खुणा आधी करतात, असे त्यांनी सांगितले. मग भूलतज्ज्ञांनी हातातून गुंगीचे औषध दिले आणि त्या जागी बधिर करणारे इंजेक्शन. मला छतावरचा दिवा आणि कोणीतरी ‘घोडबंदरला आज पुन्हा ट्रॅफिक’ असे म्हटलेले एवढेच आठवते. पाऊण तास लागला. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी पाठवला, कारण त्याच जागी वर्षभर चिरा पडत होत्या. आठ दिवसांनी अहवाल आला, त्यात कोणताही आजार नव्हता. संध्याकाळी घरी सोडले.

पहिले तीन दिवस कठीण होते हे मी लपवणार नाही. सूज एवढी येते की शस्त्रक्रिया फसली असेच वाटते. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची पिशवी दर तासाला दहा-पंधरा मिनिटे ठेवायची, कमरेखाली उशी घेऊन पडून राहायचे. लघवी करताना आग होते. त्यावरचा उपाय अगदी साधा आहे आणि तो मला एका परिचारिकेने सांगितला: लहान झारीने कोमट पाणी वरून सोडत सोडत लघवी करायची, म्हणजे ती पातळ होऊन जखमेला झोंबत नाही. पुसायचे नाही, सुती फडक्याने टिपायचे. उकिडवे बसायचे नाही, त्यामुळे भारतीय शौचकूप महिनाभर बंद. घरात कमोड नसेल तर आधीच खुर्चीची सोय करून ठेवावी. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून रात्री इसबगोल. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरले. एका बाजूला झपाट्याने वाढणारी टणक सूज, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त पू किंवा लघवी अडकणे यांपैकी काहीही झाले तर रात्री-अपरात्रीही फोन करा, असे कागदावर लिहून दिले होते. तो कागद मी फ्रिजच्या दारावर लावला होता.

सातव्या दिवशी फडक्यावर थोडे पिवळट पाणी दिसले. आरशात पाहिले तर जोडाच्या खालच्या टोकाला टाका सुटून सुमारे अर्धा सेंटीमीटर जखम उघडली होती. मी रिक्षाने रुग्णालयात गेले, वाटेतला प्रत्येक खड्डा मोजत. सर्जन बाईंनी पाहिले आणि पुन्हा टाका घालायला नकार दिला. सुजलेल्या ऊतीत घातलेला टाका धरत नाही, उलट जखम आणखी फाटते. ती आपोआप आतून भरू द्यायची आणि काही उणीव राहिली तर सहा महिन्यांनंतरच पाहायचे, असे त्यांनी सांगितले. संसर्ग नव्हता. तिसऱ्या आठवड्यात ती जागा भरून आली. बाकीचे टाके विरघळणारे होते. अंघोळीच्या वेळी त्यांचे धाग्यासारखे तुकडे हातात येत.

बाराव्या दिवशी कामावर गेले. सहा आठवडे शरीरसंबंध, टॅम्पॉन, पोहणे आणि सायकल बंद होते. नवव्या आठवड्यात सायकल काढली, ती फक्त उपवनच्या तळ्याभोवती. व्रणाची जागा चार महिने बधिर होती, नंतर काही आठवडे अतिसंवेदनशील झाली, कपडा लागला तरी झिणझिण्या येत. ती हळूहळू सामान्य झाली. संबंधाच्या वेळी पहिले काही दिवस भीतीनेच अंग आखडत असे. घाई न करणारा जोडीदार ही त्या काळातली मोठी गरज असते.

डिसेंबरमध्ये सहा महिन्यांच्या तपासणीला गेले. त्याआधी दोन रविवार येऊरचा चढ पूर्ण चढून झाला होता आणि वहीत नोंद करण्यासारखे काही घडले नव्हते. खालच्या टोकाला, जिथे टाका सुटला होता तिथे, बोट फिरवले की एक बारीक खाच लागते. डावा ओठ आता उजव्यापेक्षा थोडा आखूड आहे. सर्जन बाईंनी खाच पाहून विचारले की स्थानिक भूल देऊन ती पंधरा मिनिटांत बुजवता येईल, करायची का? मी विचारले, “ती तशीच राहिली तर दुखेल का?” त्या म्हणाल्या, “नाही.” मी फाइल बंद करून पिशवीत ठेवली.